अळीचा रोगच बनला शेतकऱ्याचे औषध. कोण होते एडवर्ड स्टाइनहाउस?

जळकोट (ता. तुळजापूर) परिसरात हरभरा घाट्यात आला की घाटेअळीची धास्ती सुरू होते. या अळीसाठी कृषी विद्यापीठे रासायनिक औषधांसोबत 'एचएएनपीव्ही' या विषाणूचीही शिफारस करतात. कीटकांच्या रोगांना स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळवून देत अशा औषधांची वाट मोकळी करणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे एडवर्ड स्टाइनहाउस.

कोण होते स्टाइनहाउस?

जन्म १९१४ चा, नॉर्थ डकोटातील मॅक्स या छोट्या गावातला. १९३९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून त्यांनी जीवाणूशास्त्रात पीएचडी मिळवली. १९४४ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात आले आणि तेथे कीटकांच्या रोगांची प्रयोगशाळा उभी केली. १९४९ मध्ये आलेले 'प्रिन्सिपल्स ऑफ इन्सेक्ट पॅथॉलॉजी' हे त्यांचे पुस्तक या विषयाचा पाया मानले जाते.

लसूणघासाच्या शेतात काय दिसले?

कॅलिफोर्नियात लसूणघासावर पडणारी अळी एका विषाणूने आपोआप मरत असे. अडचण एकच होती. रोगाची साथ पसरेपर्यंत पीक खाऊन झालेले असे. मग साथीची वाट का पाहायची? स्टाइनहाउस आणि त्यांचे सहकारी सी. जी. थॉम्पसन यांनी विषाणू पाण्यात मिसळून पिकावर लवकर फवारला. साथ आधीच पसरली आणि अळी आटोक्यात आली. या चाचण्या १९४९-५० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

विषाणू तयार कसा होतो, मोजतात कसा?

विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. म्हणून अळ्या पाळून त्यांना विषाणू लावलेले खाद्य देतात. साधारण आठवडाभरात अळी मरते. मेलेल्या अळ्या वाटून, गाळून द्रावण बनवतात.

हा विषाणू प्रथिनाच्या कणात बंद असतो. विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, पण कण दिसतात. रक्तपेशी मोजण्याच्या काचपट्टीवर द्रावणाचा थेंब ठेवून कण मोजले जातात. भारतात ६ अब्ज कण म्हणजे १ एलई, अर्थात एका अळीइतका विषाणू. हेक्टरी साधारण २५० एलई, म्हणजे दीड लाख कोटी कण लागतात. कण कमी असतील तर बाटली भरलेली दिसेल, पण अळी मरणार नाही.

पुढे काय झाले?

१९६३ मध्ये स्टाइनहाउस अर्व्हाइन येथील नव्या विद्यापीठ केंद्रात जीवशास्त्र विभागाचे पहिले अधिष्ठाता झाले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी फॉर इन्व्हर्टिब्रेट पॅथॉलॉजी'चे ते पहिले अध्यक्ष. १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कापसाच्या बोंडअळीवरील विषाणूजन्य औषधाला अमेरिकेत नोंदणी मिळाली ती १९७५ मध्ये. ते पाहायला स्टाइनहाउस नव्हते.

शेतकऱ्याने काय लक्षात ठेवावे?

- बाटलीवर एलई किंवा कणांची संख्या आणि मुदत तपासा.
- अळी लहान असतानाच फवारा. मोठी अळी सहज मरत नाही.
- उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करा.
- अळी लगेच मरत नाही, काही दिवस थांबा. झाडाच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या अळ्या दिसल्या की औषध लागू पडले समजा.