शोधत होते एक, सापडलं भलतंच

घरातल्या बाळाला डोस द्यायला आईबरोबर किंवा वहिनीबरोबर गेला असाल, तर 'पीसीव्ही' हे नाव तुमच्या कानावर पडलं असेल. न्यूमोकोकस या जंतूवरची ही लस. लहानग्यांना होणारा न्यूमोनिया, मेंदूज्वर हे बऱ्याचदा याच जंतूचे उद्योग. तो सापडला लुई पाश्चर यांना, आणि तेही दुसरंच काही शोधताना!

पाश्चर म्हटलं की तुम्हाला दुधाची पिशवी आठवणार. पण फ्रान्समधल्या दोल गावी 1822 मध्ये, कातडी कमावणाऱ्याच्या घरात जन्मलेले पाश्चर डॉक्टर नव्हतेच. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पाच मुलांपैकी तीन मुली लहान वयातच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडनं. 1868 मध्ये पक्षाघातानं शरीराची डावी बाजू अधू झाली. प्रयोगशाळा मात्र सुटली नाही.

डिसेंबर 1880. पॅरिसमध्ये रेबीजनं एक मूल दगावलं. पाश्चर यांनी त्याची लाळ सशांना टोचली. दोन दिवसांत ससे मेले आणि त्यांच्या रक्तात दिसला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा जंतू. रेबीजचा गुन्हेगार सापडला, असं जाहीर करून कुणीही मोकळं झालं असतं. पाश्चर यांनी आधी इतरांची लाळ तपासली. जंतू चक्क धडधाकट माणसांच्या तोंडातही निघाला! म्हणजे रेबीजशी याचा संबंध नाही. तो बाजूला पडला. तोच न्यूमोकोकस. (गंमत बघा, त्याच सुमारास अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना तो स्वतःच्याच लाळेत सापडला.)

रेबीजचा खरा विषाणू तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणं शक्यच नव्हतं. तरी पाश्चर यांनी लस बनवली. 6 जुलै 1885 ला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन त्याची आई दारात उभी राहिली. पाश्चर यांना सुई टोचायचा परवाना नाही, म्हणून डॉक्टर ग्रांशे यांनी टोचली. एकूण 13 इंजेक्शनं. पाश्चर यांची झोप उडालेली. पोरगा वाचला.

त्याच वर्षी दहा वर्षांची लुईज पेलतिए आली, चावा लागून 37 दिवस उलटल्यावर. उशीर झालाय हे कळत असूनही त्यांनी नाही म्हटलं नाही. ती वाचली नाही. मला विचाराल तर माइस्टरपेक्षा ही गोष्ट पाश्चर यांच्याबद्दल जास्त सांगते.

1895 मध्ये ते गेले. बाजूला ठेवलेल्या त्या जंतूवर तान्ह्या बाळांना चालेल अशी लस अमेरिकेत आली 2000 साली. आपल्या सरकारी लसीकरणात ती 2017 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 2021 मध्ये देशभर पोचली. घरात बाळ असेल तर त्याचं कार्ड काढून बघा: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.