तोर्केमादा : अनुवादक आणि कोडेकार

एडवर्ड पोइस मॅदर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात झाला. इंग्रजी वाङ्मयव्यवहारात त्यांना दोन स्वतंत्र स्थाने लाभली : एक पौर्वात्य प्रेमकाव्याचे अनुवादक म्हणून, दुसरे ‘तोर्केमादा’ या टोपणनावाने गूढ शब्दकोडी रचणारे म्हणून. एका नात्याने त्यांना ओळखणाऱ्यास दुसऱ्या नात्याची बहुधा कल्पना नसते. परंतु ही दोन्ही कार्ये एकाच वृत्तीतून निघाली, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या यशाचे व मर्यादेचे मर्म उमगत नाही.

ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेल्या मॅदर्स यांचे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी बिल्हण याच्या नावावर परंपरेने चालत आलेल्या ‘चौरपंचाशिके’चे ते इंग्रजी रूप होय. मूळ काव्यात प्रत्येक श्लोकाचा आरंभ ‘अद्यापि’ या पदाने होतो. हे आवर्तन मॅदर्स यांनी कटाक्षाने राखले. श्लोकांतर्गत प्रतिमांच्या बाबतीत मात्र मनमोकळे स्वातंत्र्य घेतले. त्यामुळे मूळची विरहव्याकुळता इंग्रजीत जिवंत झाली. जॉन स्टाइनबेक यांनी १९४५ च्या ‘कॅनरी रो’ या कादंबरीच्या अखेरीस याच रूपांतराचा आधार घेतला. तथापि कोणता शब्द बिल्हणाचा आणि कोणता मॅदर्स यांचा, हे इंग्रजी वाचकाला कळण्यास मार्ग नाही. १९२३ मध्ये त्यांनी ‘अरबी सुरस कथा’ इंग्रजीत आणल्या, त्याही मार्द्र्यू यांच्या फ्रेंच अनुवादावरून.

शब्दकोडे १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात अवतरले. त्यात शब्दाचा सरळ अर्थ दिलेला असे. मॅदर्स यांनी तो सरळपणा मोडला. १९२६ पासून मृत्यूपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक पत्रात त्यांची सुमारे ६७० कोडी आली. सूचक वाक्ये ते रचीत. शब्द चौकटीत बसविण्याचे काम पत्नी रोझमंड करीत. टोपणनाव त्यांनी स्पेनमधील क्रूर धर्मन्यायाधीशाचे घेतले, ते अन्वर्थकच होते.

गूढ सूचक वाक्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात : एक अर्थाची, दुसरी अक्षरांची. ‘रस उलटला की गळ्यात शोभतो’ असे वाक्य घेतले, तर अक्षरे उलटून ‘सर’ मिळतो आणि गळ्यातील माळेचा अर्थ त्याची साक्ष देतो. श्लेष ज्यांच्या परिचयाचा आहे आणि दंडीने सांगितलेले प्रहेलिकांचे सोळा प्रकार ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा खेळ परका वाटणार नाही. तोर्केमादा मात्र पुष्कळदा साक्षीची वाट गाळीत आणि दूरच्या वाङ्मयीन संदर्भावर भिस्त ठेवीत. १९३४ मधील ‘केन्स जॉबोन’ या रहस्यकथेची तर शंभर पाने त्यांनी क्रम विस्कटूनच छापली. तो क्रम लावणारे त्या काळी दोघेच निघाले.

३ फेब्रुवारी १९३९ रोजी लंडनमध्ये मॅदर्स यांचे निधन झाले. त्यांचे उत्तराधिकारी ‘झिमेनेस’ यांनी १९६६ मध्ये कोडेरचनेचे नियम ग्रंथरूपाने मांडले. कोडेकाराने चकवावे, परंतु सूचक वाक्याचा प्रत्येक शब्द उत्तराशी प्रामाणिक असावा, हे त्यांचे सार होय. मॅदर्स यांच्या मुक्त शैलीला पडलेला तो बांध होता.

अनुवादाच्या क्षेत्रात असा बांध कोणी घातला नाही. कोडे सोडविणाऱ्याला आडवी-उभी अक्षरे पडताळा देतात. अनुवाद वाचणाऱ्याला तो पडताळा मूळ ग्रंथावाचून मिळत नाही. म्हणून ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’च्या सौंदर्याचा मान राखूनही ते ‘चौरपंचाशिके’शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे. तसे वाचले म्हणजे बिल्हणाला न्याय मिळतो आणि मॅदर्स यांची स्वतःची प्रतिभाही नेमकी कोठे आहे, ते दिसते.