अर्धवाहकांचे आद्य संशोधक जगदीशचंद्र बोस

आजच्या अर्धवाहक तंत्राचे मूळ शोधू गेल्यास ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका अपुऱ्या प्रयोगशाळेत सापडते. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेले जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये तेथे प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेल्याने त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. अध्यापन मात्र सुरू ठेवले. अखेर सरकारला सारी थकबाकी चुकवावी लागली.

गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाने त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी टिपल्या. विज्ञानाचा व्यापार त्यांना अमान्य होता. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाखातर १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला गेला. १९०४ मध्ये पेटंट मिळाले, पण बोस यांनी ते व्यपगत होऊ दिले. या निःस्पृहतेची किंमत देशाने किती मोजली, हा प्रश्न आजही अस्वस्थ करतो.

पुढे अमेरिकेत पिकार्ड यांनी झिंकाइट, म्हणजे जस्त ऑक्साइडचे खनिज, रेडिओत वापरले. गॅलिनाचा ‘बँडगॅप’ जेमतेम ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर जस्त ऑक्साइडचा सुमारे ३.३७. त्यात मॅग्नेशियम मिसळल्यास ही ऊर्जा-फट रुंदावते, कॅडमियमने अरुंद होते. परिणामी पातळ थराने कोणता प्रकाश शोषावा हे ठरविता येते. वेरूळचा कैलास अखंड कातळ वरून खाली कोरत घडला. येथे अणूंचे थर खालून वर रचावे लागतात.

बोस पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी बोस संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ट्रान्झिस्टरच्या शोधास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता.