काष्ठशिल्पी विल्यम रश

अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे डेलावेअर नदीवरील बंदर. तेथे एका जहाजबांधणी करणाऱ्या सुताराच्या घरी ४ जुलै १७५६ रोजी विल्यम रशचा जन्म झाला. लंडनहून आलेल्या एडवर्ड कटबुश या कारागिराकडे उमेदवारी करून तो जहाजांच्या नाळेवरील लाकडी मूर्ती कोरण्यास शिकला. या मूर्ती रंगवून समुद्रावर धाडावयाच्या. मग त्यांचे दैव लाटांच्या हाती.

त्यांपैकी एकीचा आमच्या देशाशी संबंध आला. 'गँजेस' हे फिलाडेल्फियाचे व्यापारी जहाज. त्याच्या नाळेवर रशने नदीदेव कोरला होता. जहाज कलकत्त्यास लागले तेव्हा लोक होड्या भरभरून मूर्तीच्या दर्शनास आले, अशी हकीकत फिलाडेल्फियात सांगत. गंगा ही आमची माता आणि हा तर पुरुषदेव! भक्तीपेक्षा कुतूहलच अधिक असावे, असे आम्हांस वाटते.

१७९३ साली पिवळ्या तापाच्या साथीने त्या शहरातील सुमारे ५,००० माणसे दगावली. शुद्ध पाण्यावाचून गत्यंतर नाही, असे नगरवासीयांच्या मनाने घेतले आणि १८०१ मध्ये स्कूलकिल नदीचे पाणी वाफेच्या यंत्रांनी शहरात खेळू लागले. रश पुढे नगरपरिषदेचा व तिच्या पाणीसमितीचा सभासद होता. पाण्याची ही कथा त्याने लाकडातच सांगितली. १८०९ मध्ये त्याने पाइनच्या लाकडाची जलकन्या घडविली. तिच्या खांद्यावर बगळ्याच्या जातीचा पक्षी असून त्याच्या चोचीतून कारंजे उडे. १८२५ साली फेअरमाउंटच्या जलकेंद्रासाठी त्याने नदीची दोन रूपे कोरली: एक साखळदंडांनी जखडलेला दाढीवाला वृद्ध, दुसरी मुक्त स्त्री. या मूर्तींना दगडाचा भास व्हावा म्हणून पांढरा रंग दिलेला असे.

१८०५ साली स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनिया ललितकला अकादमीच्या संस्थापकांत हा सुताराचा मुलगा होता. तरी आपले मूळ तो विसरला नव्हता. स्वतःचा अर्धपुतळा करताना त्याने आपला चेहरा पाइनच्या ओंडक्यातून उगवलेला दाखविला.

१७ जानेवारी १८३३ रोजी तो निवर्तला. पुढे चित्रकार टॉमस ईकिन्सने १८७७ मध्ये जलकन्या कोरणाऱ्या रशचे चित्र रंगविले. त्यात समोर विवस्त्र स्त्री उभी आहे. ती ईकिन्सची कल्पना समजावी, कारण तसा पुरावा नाही.

रंग कितीही चढविला तरी पाण्यात भिजणारे लाकूड टिकावे किती? जलकन्या कुजू लागल्यावर १८७२ मध्ये तिची कांस्यप्रतिकृती ओतून घेण्यात आली. मूळ मूर्तीचे केवळ मस्तक उरले आहे.