विश्लेषण : योगवर्गाच्या शेजारी आलेल्या ‘पिलाटेस’मागचा माणूस कोण होता?

पुण्या-मुंबईत योगवर्गांच्या फलकांवर हल्ली ‘योग व पिलाटेस’ अशी जोडी दिसते. फोनवर स्प्रिंगा लावलेल्या लाकडी पलंगावर पाय ताणणाऱ्यांच्या चित्रफिती फिरतात आणि कंबरदुखीने बेजार झालेला नवखा माणूस विचारात पडतो, की आपण नेमके कुठे नाव घालावे? उच्चारही एक नाही. कोणी पिलेट्स म्हणते, कोणी पायलेट्स. मुळात हे व्यायामाचे नाव नव्हे, एका जर्मन माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस यांनी स्वतः आपल्या पद्धतीला ‘काँट्रॉलॉजी’ म्हटले होते. ते नाव मागे पडले आणि आडनाव तेवढे उरले.

आजारी मुलगा व्यायामाकडे कसा वळला?

९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख या गावी त्यांचा जन्म झाला. वडील धातुकाम करणारे आणि व्यायामशाळेत रमणारे. मुलगा मात्र नाजूक निघाला. दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप अशी तिन्ही दुखणी त्याला लहानपणीच झाल्याचे सांगितले जाते. छाती भरत नाही आणि हाडे मऊ, अशा शरीरावर त्याने कुस्ती, मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स, पोहणे असे हाती लागेल ते करून पाहिले. किशोरवयातच त्याची शरीरयष्टी एवढी घडली होती, की शरीररचनेच्या तक्त्यांसाठी चित्रकार त्याला उभे करीत, असेही म्हणतात. ही माहिती बहुतेक त्यांनी स्वतः पुढे शिष्यांना सांगितलेली आहे आणि स्वतःविषयी सांगताना पिलाटेस हात आखडता घेत नसत. पण श्वास हा त्यांच्या पद्धतीचा पहिला धडा का, याचे उत्तर या दमेकरी बालपणात शोधावे लागते.

छावणीत नेमके काय घडले?

पहिल्या महायुद्धाच्या आधी ते इंग्लंडला गेले. तिथे मुष्टियोद्धा, सर्कशीतला कलाकार, स्वसंरक्षणाचा शिक्षक अशी पडेल ती कामे केली. युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडमधले जर्मन एका रात्रीत ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरले. पिलाटेस यांना आधी लँकेस्टर येथे आणि नंतर आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकॅलो छावणीत ठेवले गेले. या छावणीत वीस हजारांहून अधिक माणसे कुंपणाआड होती. गुन्हा काही नाही, काम नाही, आणि सुटका कधी होणार ते ठाऊक नाही.

अशा जागी माणूस आधी अंथरुणाला खिळतो आणि मग मनाने खचतो. पिलाटेस यांनी सोबत्यांना जमिनीवरचे व्यायाम शिकवायला सुरुवात केली. जमिनीवरचेच, कारण साधने नव्हती. आजची ‘मॅट पिलाटेस’ची पद्धत इथून सुरू झाली, असे मानतात. उठता न येणाऱ्या रुग्णांच्या खाटांना त्यांनी स्प्रिंगा जोडल्या, म्हणजे पडल्या पडल्या हातपाय ताणता यावेत, ही कथाही याच छावणीतली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांच्याकडे व्यायाम करणारा एकही जण दगावला नाही, असा दावा आजही अनेक स्टुडिओंच्या माहितीपत्रकांत असतो. त्याला कागदोपत्री आधार नाही. नवख्याने तो मनावर घेऊ नये; व्यायामाने साथ अडत नाही. स्प्रिंगांची कथा मात्र पुढच्या यंत्रांशी जुळते. त्यांचे ‘रिफॉर्मर’ हे यंत्र आजही पलंगासारखेच दिसते. सरकती फळी, खाली स्प्रिंगा, आणि हातापायांसाठी पट्टे.

नर्तकच त्यांच्याकडे का गेले?

युद्धानंतर काही वर्षे जर्मनीत काढून १९२६ मध्ये ते अमेरिकेला गेले. बोटीवर क्लारा नावाच्या स्त्रीशी ओळख झाली आणि ती आयुष्यभराची सोबत ठरली. दोघांनी न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत स्टुडिओ थाटला. याच इमारतीत नृत्याचे वर्गही चालत. नर्तकाचा घोटा मुरगळला किंवा पाठ धरली, की त्याची रोजीरोटी थांबते. डॉक्टर विश्रांती सांगत, तर पिलाटेस त्याला आडवे झोपवून दुखरा भाग सांभाळत बाकीचे शरीर कामाला लावत. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यक्षेत्रातल्या मोठ्या नावांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळेच. उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील ‘जेकब्ज पिलो’ या नृत्यकेंद्रातही ते शिकवीत.

शिक्षक म्हणून ते कडक होते. समजावून सांगणे कमी, हुकूम जास्त. आजारी, वयस्क, घाबरलेल्या माणसांना सांभाळून घेण्याचे, त्यांच्यापुरता व्यायाम बदलून देण्याचे काम क्लारा करीत, असे त्यांचे अनेक शिष्य सांगत आले. फलकावर नाव एकाचेच आले, पण नवख्याला ज्या पिलाटेसची गरज असते ते बरेचसे क्लारा यांचे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

योगासनांपेक्षा हे वेगळे कसे?

१९४५ मध्ये पिलाटेस यांनी विल्यम जॉन मिलर यांच्यासह ‘रिटर्न टू लाइफ थ्रू काँट्रॉलॉजी’ हे पुस्तक काढले. त्यात जमिनीवरचे ३४ व्यायाम आहेत. ते चाळताना योग करणाऱ्याला ओळखीचे चेहरे भेटतात. पाय डोक्यामागे नेणारा ‘रोल ओव्हर’ हलासनाची आठवण करून देतो, ‘टीझर’ नौकासनाची आणि ‘शोल्डर ब्रिज’ सेतुबंधासनाची.

फरक थांबण्यात आहे. आसनात आपण स्थिरावतो. पिलाटेसमध्ये शरीर बहुतेक वेळ हलत राहते, मोजकी आवर्तने होतात आणि पुढचा व्यायाम सुरू होतो. पहिल्याच व्यायामाचे नाव ‘हंड्रेड’. उताणे झोपून डोके आणि पाय थोडे उचलायचे, हात शरीराच्या कडेला वर-खाली हलवायचे, पाच हालचालींत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा, असे दहा वेळा. ऐकायला सोपे वाटते. पहिल्या दिवशी तिसाच्या आत मान दुखू लागते, कारण पोटाचे काम मान करते. अशा वेळी डोके खाली ठेवावे, यात कमीपणा नाही. शंभर हा आकडा पहिल्या दिवसासाठी नाहीच. पुस्तकातही कमी हालचालींपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायला सांगितले आहे. पोट, कंबर आणि नितंब यांच्या पट्ट्यातून प्रत्येक हालचाल उचलायची, हा सगळ्याचा गाभा. प्राणायाम, ध्यान, यमनियम असे काही इथे नाही.

त्याच वर्षी जन्मलेले स्वामी कुवलयानंद

एक योगायोग इथे नोंदवण्याजोगा आहे. पिलाटेस यांच्या सव्वातीन महिने आधी, ३० ऑगस्ट १८८३ रोजी, गुजरातमधील डभोई येथे जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या घेतली आणि नर्मदाकाठच्या माधवदासजींकडे योग. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू झाले. नौलीत आतड्यात दाब किती कमी होतो हे त्यांनी उपकरणाने मोजले आणि त्या निर्वात स्थितीला गुरूंचे नाव दिले. क्ष-किरणांखाली आसने पाहिली.

दोघांनाही व्यायाम डॉक्टरांच्या पसंतीला उतरवायचा होता. कुवलयानंदांनी त्यासाठी प्रयोगशाळा उभारली, नोंदी छापल्या. पिलाटेस आपले शरीरच पुरावा म्हणून दाखवत. साठी-सत्तरीतही आखूड चड्डीवर, प्रसंगी बर्फात उभे राहून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली. छायाचित्र जाहिरातीला पुरते, डॉक्टरांना नाही. शाळा आणि रुग्णालयांनी आपली पद्धत स्वीकारावी ही त्यांची इच्छा हयातीत पुरी झाली नाही. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. पिलाटेस ९ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले. कारण एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसांचाच आजार. आयुष्यभर इतरांना नीट श्वास घ्यायला शिकवणारा हा माणूस सिगारचा शौकीन होता.

मग डॉक्टरांनी काय म्हटले?

उत्तर यायला बराच काळ लागला. २०१५ च्या कॉक्रन आढाव्यात कंबरदुखी आणि पिलाटेस यांविषयीच्या १० चाचण्या, ५१० रुग्ण तपासले गेले. काहीच न करणाऱ्यांपेक्षा किंवा किरकोळ उपचार घेणाऱ्यांपेक्षा पिलाटेस करणाऱ्यांचे दुखणे कमी झाले होते. इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचे मात्र ठामपणे दिसले नाही. म्हणजे कंबरेसाठी योग की पिलाटेस हा वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही. ज्या वर्गाला आठवड्यातून दोन-तीनदा खरोखर जाणे होईल, तो वर्ग घ्यावा.

नाव कोणाच्या मालकीचे?

क्लारा १९७७ मध्ये गेल्या. त्याआधीच रॉन फ्लेचर या शिष्याने लॉस एंजेलिस परिसरात स्टुडिओ काढला होता. चित्रपटसृष्टीतली मंडळी तिथे येऊ लागली आणि व्यायाम फॅशन झाला. मग नावाच्या मालकीवरून भांडण लागले. ऑक्टोबर २००० मध्ये मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला, की पिलाटेस हे योग किंवा कराटेसारखे व्यायामप्रकाराचे सामान्य नाव आहे आणि त्यावर कोणालाही व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येणार नाही.

त्यामुळे पद्धत जगभर गेली आणि त्यामुळेच फलकावर ‘पिलाटेस’ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. चार वर्षे शिकलेला शिक्षक आणि शनिवार-रविवारचे शिबिर उरकलेला, दोघांच्या दारावर तेच नाव. पैसे भरण्याआधी शिक्षकाने कुठे आणि किती काळ शिकले ते विचारावे. हाडे ठिसूळ असतील तर ‘रोल अप’सारखे पाठ पुढे गोल करणारे व्यायाम मणक्याला धोक्याचे ठरू शकतात, रक्तदाब जास्त असेल तर पाय डोक्यावरून नेणाऱ्या क्रिया जपून, मग त्याला हलासन म्हणा की रोल ओव्हर. गर्भारपण किंवा जुनी दुखापत असेल तर तेही आधीच सांगावे. शिक्षकाने हे स्वतःहून विचारले नाही, तर दुसरा वर्ग शोधावा.