लाल किल्ल्यातील अखेरचा बादशहा

दिल्ली शहरात तांबड्या दगडांचा एक प्रचंड किल्ला आहे. त्यास लाल किल्ला म्हणतात. शाहजहान बादशहाने आग्र्याहून दिल्लीस राजधानी नेण्याचे ठरविले आणि इ. स. १६३९ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला. १६४८ मध्ये बादशहा तेथे राहावयास आला. किल्ल्यातील दिवाण-इ-खास नावाच्या संगमरवरी महालात मोगल बादशहांचा खास दरबार भरत असे. याच महालात पुढे त्यांच्या अखेरच्या वंशजावर आरोपी म्हणून उभे राहण्याचा प्रसंग आला. त्याचे नाव बहादूरशहा जफर.

बहादूरशहाचा जन्म २४ ऑक्टोबर १७७५ रोजी झाला. त्याचे मूळचे नाव अबू जफर. त्या वेळी मोगलांचे वैभव ओसरले होते. नादिरशहाने रत्नजडित मयूरासन १७३९ मध्येच इराणला नेले होते. अबू जफर बारा वर्षांचा असताना, १७८८ मध्ये, गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने किल्ल्यात शिरून त्याचे आजोबा शाहआलम बादशहा यांचे डोळे काढले. महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली सोडविली आणि त्या अंध बादशहास पुन्हा तख्तावर बसविले. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली. बादशहा किल्ल्यात राहिला. परंतु सत्ता कंपनी सरकारच्या हाती गेली.

वयाची एकसष्टी उलटल्यावर, १८३७ मध्ये, बहादूरशहा गादीवर आला. दरमहा एक लाख रुपयांच्या तनख्यावर त्याचा दरबार चाले. तो वृत्तीने कवी होता. त्याने उर्दू गझला रचल्या. जौक व गालिब या थोर कवींना त्याच्या दरबारी मान होता. आपल्या पश्चात आपल्या वारसांना हा किल्लाही सोडावा लागणार, हे त्याला कळून चुकले होते.

११ मे १८५७ रोजी सकाळी मीरतहून बंड करून आलेले शिपाई किल्ल्यापाशी येऊन थडकले. आपले नेतृत्व करावे, अशी त्यांनी बादशहास गळ घातली. बहादूरशहा एक्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्यापाशी ना फौज होती, ना खजिना. प्रथम तो कचरला; परंतु अखेर त्याने ती जबाबदारी पत्करली. हिंदू व मुसलमान यांच्यात फूट पडू नये, म्हणून त्याने बकरी ईदच्या वेळी गोहत्येस मनाई केली. मात्र शिपायांवर त्याचा पुरता ताबा नव्हता. किल्ल्यात कैदेत असलेल्या युरोपीय स्त्रियांची व मुलांची हत्या त्याच्याने रोखवली नाही.

सप्टेंबर महिन्यात इंग्रजांनी दिल्ली पुन्हा जिंकली. हुमायूनच्या कबरीच्या आवारात बहादूरशहा शरण आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दोन पुत्रांना व एका नातवाला गोळ्या घालण्यात आल्या. २७ जानेवारी १८५८ रोजी दिवाण-इ-खासमध्ये त्याच्यावर खटला सुरू झाला. याच बादशहाच्या आजोबांनी दिलेल्या सनदेवर कंपनी एकेकाळी बंगालचा महसूल गोळा करू लागली होती. आता त्याच कंपनीने धन्याच्या घरात बसून धन्यालाच बंडखोर ठरविले. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली.

बहादूरशहाला ब्रह्मदेशात रंगून येथे नेण्यात आले. तेथे ७ नोव्हेंबर १८६२ रोजी सत्त्याऐंशी वर्षांच्या या वृद्धाने प्राण सोडला. कोणास ठाव लागू नये, म्हणून इंग्रजांनी त्याची कबर जमिनीशी सपाट केली. ती पुढे १९९१ मध्ये खोदकाम चालू असताना सापडली. इकडे लाल किल्ल्यातील कित्येक महाल पाडून इंग्रजांनी तेथे सैनिकांच्या बराकी बांधल्या.

परंतु किल्ला लोकांच्या मनातून गेला नाही. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याच्या तटावर स्वतंत्र भारताचा तिरंगा फडकविला. ज्या वास्तूत एका वृद्ध बादशहाला बंडखोर ठरविले गेले, तेथे आता दर स्वातंत्र्यदिनी सारे राष्ट्र आपल्या ध्वजास वंदन करते.