विटांचा वाडा आणि त्याचा धनी

११ डिसेंबर २०२४ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील चिको गावचा तीन मजली, २६ खोल्यांचा विटांचा वाडा आगीत खाक झाला. गावाला जणू आपला संस्थापक दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले.

जॉन बिडवेल यांचा जन्म १८१९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. १८४१ मध्ये ते एका तांड्याबरोबर तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या कॅलिफोर्नियाकडे निघाले. वाट कुणालाच धड ठाऊक नव्हती. गाड्या वाटेतच टाकाव्या लागल्या. पुढे सटर नावाच्या जमीनदाराकडे त्यांनी नोकरी केली. १८४८ मध्ये फेदर नदीत सोने सापडले आणि दैव फळफळले. २२ हजार एकरांहून मोठी जमीन घेऊन त्यांनी गहू पिकवला, गुरे पाळली, फळबागा लावल्या. १८६० मध्ये चिको वसवले. वाडा पुरा झाला १८६८ मध्ये. त्याच वर्षी ॲनी केनेडी लग्न होऊन तेथे आल्या.

माणूस तत्त्वाचा. मद्याच्या द्राक्षांचे वेल त्यांनी मुळासकट उपटले. १८९२ मध्ये दारूबंदी पक्षातर्फे ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मते मिळाली सुमारे २ लाख ७० हजार.

पण ही भूमी मूळची मेचूप्दा आदिवासींची. बिडवेल यांनी त्यांना आसरा दिला हे खरे. मात्र आपल्याच मातीत ते मजूर झाले, हेही तितकेच खरे. १९०० मध्ये बिडवेल गेले. आता वाडाही गेला. मेचूप्दा मात्र आजही चिकोत आहेत. वाड्याची आठवण काढताना त्यांच्या घामाचा हिशेबही मांडायला हवा.